पाणी बघून येऊ

“चला, पाणी बघून येऊ,” असं म्हणून तो उत्तराची वाट न बघता चालू लागायचा. काखेत छत्री, पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, मान किंचित खाली. आणि ज्याला म्हटलं तो माणूस हातातलं काम तसंच टाकून त्याच्या मागे निघायचा.

मी आयुष्यभर माणसांना पटवून पोट भरलं. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मी ओळखतो, हा घेणार की नुसता गाडीच्या सीटवर बसून जाणार. भाव कुठे तोडायचा, कुठे गप्प बसायचं, चहा कधी सांगायचा, हे माझ्याकडून शिकायला लोक येतात. पण माझ्या एका वाक्यावर कुणी असं उठून चालू लागलं, हे कधी झालं नाही. तेव्हा मला ते टोचायचं. आज तो नाही, तरी टोचतं.

तो आमच्या भागातला पाटकरी. ज्यांच्याकडे पाट नाही त्यांच्यासाठी सांगतो. धरणातून कालवा येतो, कालव्यातून चाऱ्या फुटतात, आणि कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे बघणारा खात्याचा सगळ्यात खालचा माणूस म्हणजे पाटकरी. पगार शिपायाचा, पण उन्हाळ्यात त्याला रामराम घालायला मोठमोठे बागायतदार बांधापर्यंत येतात. दुसरे पाटकरी चौकीवर बसून राहायचे. हा रोज कालव्याच्या भरावावरून तीन कोस जायचा आणि तीन कोस यायचा. अंगावर गुंजभर चरबी नाही. 

त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर वारूळवाडीपासून आणे गावापर्यंत सगळे म्हणतील, शेवटी शेठनंही त्याचं नाव घेतलंच.

मला त्याचा राग का, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझं माप घेता येईल.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. तेव्हा माझ्याकडे वडिलांचं एक एकर होतं आणि त्यात टोमॅटो. फळ धरलेलं, ऊन कडक, चारी भरून वाहत होती आणि माझी पाळी चार दिवसांवर. आमच्या चारीवर त्याचा एकच नियम होता, टोकाचा आधी. चारीच्या अगदी शेवटी ज्याचं शेत, त्याचं भिजल्याशिवाय तोंडाशी असलेल्याला पाणी नाही. दुसऱ्या चाऱ्यांवर तोंडाचा आधी घ्यायचा, टोकाच्याला उरलं तर उरलं. माझं शेत तोंडाशी. पाणी माझ्या बांधावरून खळखळ जायचं आणि मी नुसतं बघायचं.

आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी, शिवारात माणूस नाही असं पाहून मी चारी फोडली. अर्धा तासही झाला नसेल, भरावावरून छत्री येताना दिसली. बरोबर कोण, तर माझे सासरे. लेकीला भेटायला निघाले होते आणि वाटेत याच्या नादानं पाणी बघायला आले होते.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडलो असतो. त्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही. तो म्हणाला, “बुजवा, भाऊ. मी थांबतो.”

मी फावडं घेऊन माती ओढू लागलो. तेवढ्यात डोक्यावर सावली आली. पाहतो तर त्यानं छत्री माझ्यावर धरलेली.

“ऊन लई हाय,” तो म्हणाला.

बुजवून झाल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढला, पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून माझ्या सासऱ्यांची सही घेतली. सही करताना सासरे माझ्याकडे बघत नव्हते. दंड किरकोळ होता, तो मी विसरलो. छत्री विसरलो नाही. माणसानं एक तर पंचनामा करावा, नाहीतर छत्री धरावी. दोन्ही करणाऱ्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे मी शेती वाट्यानं दिली आणि गाड्यांच्या धंद्यात उतरलो. आधी जुन्या मोटारसायकली घेऊन रंगवून विकायच्या, मग पुणे-नाशिक हायवेला लागून स्वतःचं शोरूम. काचा, कुंड्या, पंखे, सगळं. पाच-सहा वर्षांत आमच्या पंचक्रोशीत शेतावर चालत जाणारा माणूस औषधाला उरला नाही. बांधापर्यंत गाडी, डेअरीपर्यंत गाडी, शेजारच्या आळीत लग्नाची अक्षत टाकायला गाडी. हे माझ्या हातून झालं, आणि मला त्याची घमेंड होती.

नारायणगावच्या आमच्या डॉक्टरांनी एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “शेठ, तुम्ही गाड्या विका, मी गोळ्या विकतो. दोघांचं बरं चाललंय.”

मी हसलो. मग त्यांनी टेबलावर माझ्या बायकोचा रिपोर्ट ठेवला. साखर, ब्लडप्रेशर आणि गुडघे. “गोळ्या देतो,” ते म्हणाले, “पण वहिनींना रोज तासभर चालायला सांगा. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही.”

चालायला सांगा म्हणणं सोपं आहे. चालायचं कुठे? आमची वस्ती हायवेच्या या अंगाला. दारासमोर नाशिककडून येणारे ट्रक. रस्त्याच्या कडेला पूर्वी पायी माणसाला, सायकलीला म्हणून मातीची पट्टी असायची. ती टपऱ्यांनी आणि उभ्या केलेल्या गाड्यांनी खाल्ली होती. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मी खाल्ली होती, माझ्या नव्या गाड्या मी तिथेच ओळीनं लावत असे.

राहिल्या आतल्या गल्ल्या. तिथे वेगळीच अडचण. पहिल्याच दिवशी हिला दारादारांतून विचारणा झाली, “काय वैनी, कुठं निघाला?” ही म्हणाली, “कुठं नाही, अशीच.” आता आमच्याकडे बाईमाणूस घराबाहेर “अशीच” पडत नाही. देवाला जाते, दळणाला जाते, मयताला जाते. अशीच जाते ती नवऱ्याशी भांडलेली. तिसऱ्या दिवशी मंचरहून माझ्या चुलतभावाचा फोन आला, “काय रे, घरात काय झालं?”

मग मी तोड काढली. सकाळी शोरूम उघडायच्या आधी तिनं आतच चालायचं, गाड्यांच्या भोवती. काच पुसलेली, फरशी गुळगुळीत, ऊन नाही, धूळ नाही. पंखाही लावून द्यायचो. ती तोंड मिटून गोल गोल चालायची. रस्त्यानं जाणारी पोरं काचेला नाक लावून बघायची.

असंच एकदा पाटकऱ्यानं पाहिलं. पायरीशी चपला काढून आत आला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“वैनी,” तो म्हणाला, “चला, पाणी बघून येऊ.”

आणि ती गेली. पायात घरातल्या सपाता होत्या, तशीच.

यातली खुबी माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. “कुठं निघाला?” “पाणी बघायला.” “हां, हां.” संपलं. पाणी बघणं हे काम आहे. पाणी बघायला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी अडवत नाही, कुणी हसत नाही, कुणी मंचरला फोन करत नाही. डॉक्टर वर्षानुवर्षं जे सांगून थकले ते त्यानं चार शब्दांत करून दाखवलं. चालायला लाजणाऱ्या माणसांच्या हातात त्यानं एक निमित्त दिलं. धंदेवाईक माणूस म्हणून सांगतो, माल तोच होता, वेष्टन त्याचं होतं. आणि असं वेष्टन मला सुचायला हवं होतं.

बघता बघता वीस-पंचवीस जण झाले. रिटायर झालेले हेडमास्तर, टेलर, त्याची आई, दोन सुना ज्यांना सासू एरवी अंगणाबाहेर सोडत नसे. कालव्याला पाणी वर्षातून ठरलेल्या दिवसांतच येतं, बाकी पाट कोरडा. पण ही मंडळी कोरड्या पाटाचंही पाणी बघायला जायची. पाटकरी काठावर उभा राहून गंभीरपणे खाली बघायचा. “आज बी न्हाई,” म्हणायचा. मग सगळे वळायचे.

तुम्ही त्याला चालताना पाहायला हवं होतं. सुरुवात तो करून द्यायचा आणि मग एकेकाला पुढे घालत शेवटी जायचा. जो सगळ्यात हळू, त्याच्या बरोबर. पुढे पळणाऱ्याला हाक मारायचा, “अहो मास्तर, टोकाच्याची चाल ती समद्यांची चाल.” पाण्याचा नियम तोच माणसांना. आणि बहुतेक दिवस टोकाला असायची माझी बायको.

ती जिथे दम खायला थांबायची ती जागा त्यानं हेरून ठेवली. महिन्याभरात तिथे बसायला एक दगडी फरशी आली. कुठून आणली, कुणी वाहिली, विचारू नका. त्याच्यापुढे जरा अंतरावर दुसरी. खड्ड्यांत मुरूम पडला, बाभळी छाटल्या गेल्या, भराव असा सपाट झाला की हायस्कूलच्या मुली त्यावरून सायकली चालवत जाऊ लागल्या. त्या वर्षी माझ्याकडे मोपेड पसंत करून गेलेल्या तीन बापांनी मुलींना सायकली घेतल्या. तिघांनीही मला हसतमुखानं येऊन सांगितलं, जणू मला आनंद होणार होता.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “शेठ, साखर खाली आली. काय केलंत?”

“मी काही केलं नाही,” मला म्हणावं लागलं.

एकदा सकाळी मी हायवेवरून येत होतो. पलीकडे भरावावर ही माणसं रांगेनं चाललेली. माझी बायको तोंडावर पदर धरून हसत होती, अंग हलेपर्यंत. माझ्या घरात ती हसत नाही असं नाही. पण हे हसणं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि ती पुढच्या फरशीवर जाऊन बसेपर्यंत बघत राहिलो.

तुम्ही समजाल तसला हेवा नव्हता तो. तसला असता तर सोपं होतं. त्यावर गावात उपाय आहेत, भांडता येतं, बोभाटा करता येतो. हा म्हातारा सगळ्यांना वैनी, बापू, आक्का म्हणणारा, पानसुपारीसुद्धा न खाणारा. त्याच्यावर आळ घेतला असता तर लोकांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. मला हेवा होता तो एवढाच की तिला चालतं करायला मी पंखा लावून दिला होता आणि त्यानं नुसतं चला म्हटलं होतं.

मग तो माझ्या जागेतला एक पट्टा मागायला आला.

जागा नीट समजून घ्या. वस्ती हायवेच्या या अंगाला, कालवा त्या अंगाला. पाणी बघायला जायचं म्हणजे आधी हायवे ओलांडायचा. पण माझ्या शोरूमच्या मागून एक ओढा जातो आणि तो हायवेखालच्या मोरीतून थेट कालव्याच्या भरावाकडे निघतो. मोरी चांगली उंच, माणूस न वाकता जाईल अशी, आणि ओढा पावसाळा सोडला तर कोरडा. म्हणजे वस्तीतून मोरीत उतरलं की ट्रकचं तोंडही न बघता पलीकडे. मधे होती फक्त माझी मोकळी जागा आणि तिला मी घातलेलं काटेरी तारेचं कुंपण.

तो शोरूममध्ये आला. चपला बाहेर. मी चहा सांगितला आणि गप्प बसलो. समोरच्याला आधी बोलू द्यायचं, हा पहिला नियम. तोही गप्प. चहा संपला. कप त्यानं स्वतः उचलून बाजूला ठेवला.

“चार हात जागा पायजे, शेठ,” तो म्हणाला. “कुंपणाच्या कडंकडंनं. पोरी सायकली घिऊन हायवेला उभ्या ऱ्हात्यात. वैनी बी ऱ्हात्यात. ठीक दिसत न्हाई.”

“देतो की,” मी म्हणालो. “पण माझंही एक आहे. त्या पंचनाम्याचं. चार माणसांत एवढंच म्हणायचं, की तो कागद चुकून झाला.”

“चुकून न्हाई झाला.”

“एवढं एक वाक्य, पाटकरी. बदल्यात कायमची वाट.”

“पाणी तुमी फोडलं व्हतं, शेठ.”

“बरं, चार माणसांत नको. माझ्या सासऱ्यांसमोर म्हणा. नाहीतर इथे माझ्यासमोर म्हणा, दुसरं कुणी नाही.” मी किती खाली उतरलो होतो बघा. मी आयुष्यात कुणासाठी दोन वेळा भाव उतरवलेला नाही.

त्यानं छत्री उचलली. मग म्हणाला, “मला सौदा जमत न्हाई. लागलं तर मागतो. न्हाई म्हणलं तर जातो.” आणि गेला. जाताना कुंड्यांना पाणी कमी पडतंय असं माझ्या पोराला सांगून गेला.

माझं डोकं फिरलं. मी तेव्हा ग्रामपंचायतीत होतो. म्हटलं, याला चालायला जागा पाहिजे ना, दाखवतो. वस्तीच्या वरच्या अंगाला मी जॉगिंग ट्रॅक करून घेतला. सिमेंटचा, गोल, दोन्ही कडांना विटांची किनार, तोंडाशी कमान, कमानीवर माझ्या वडिलांचं नाव. उद्घाटनाला पेढे वाटले. सगळे आले, एक फेरी मारली, पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे हायवे ओलांडून पाणी बघायला गेले.

पंधरा दिवसांत ट्रॅकवर भुईमुगाच्या शेंगा वाळत पडल्या. मग कुरडया आल्या. सुगीत तर एकानं बैल फिरवून हुलगे मळले. म्हणाला, “शेठ, असलं खळं जिल्ह्यात न्हाई.”

एकदा पाटकरी आला. शेंगांना पाय न लावता पूर्ण फेरी मारली, जिथून निघाला तिथे येऊन उभा राहिला. मी बघत होतोच.

“वाट चांगली केली, शेठ,” तो म्हणाला. “पण ती कुठं जात न्हाई.”

त्याच्या तोंडात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. तो माझी चूक दाखवत होता, जशी एखाद्या नव्या पोराला चारीची गळती दाखवावी. माणसं फिरण्यासाठी फिरत नाहीत. शाळेला, दळणाला, बाजाराला, दवाखान्याला, नाहीतर निदान पाण्याला जातात. वाट तिकडे नेणारी असली तर पाय आपोआप उचलतात. हे आज मी तुम्हाला शहाण्यासारखं सांगतो आहे. तेव्हा मी त्याला म्हणालो, “तुमचं कालव्याचं काम बघा.” तो “व्हय” म्हणाला.

तो रिटायर झाला तेव्हा निरोप घ्यायला शोरूमवर आला. मला वाटलं, आता शेवटचं म्हणून पट्टा मागणार. या वेळी मी द्यायचा ठरवला होता. थोडं ताणून, पण देणार होतो. मी वाट बघत बसलो. त्यानं मागितला नाही.

“कुठं राहणार आता?” मी विचारलं.

“पोराकडं, चाकणला. गाव तर ऱ्हायलं न्हाई.”

“म्हणजे?”

“धरणात गेलं. वर, भीमाशंकरच्या वाटंला व्हतं. आमची भातखाचरं व्हती.” हे तो असं म्हणाला जसं कुणी सांगावं, आमच्याकडे पूर्वी एक म्हैस होती.

इतकी वर्षं ओळख, आणि मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. “मग ह्याच पाण्याची नोकरी कशी केली, पाटकरी?”

“घरावरनं आलेलं पाणी हाय, शेठ,” तो म्हणाला. “कुठं जातंय, शेवटाला पोचतंय का न्हाई, बघाया नको?”

तो उठला, छत्री काखेत घेतली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणाला, “चला, पाणी बघून येऊ.”

“थांबा, गाडी काढतो,” मी म्हणालो.

“गाडीवरनं न्हाई दिसत.”

बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं. मी तिकडे बोट केलं. त्यानं मान हलवली आणि चालू लागला. एवढ्या वर्षांत त्यानं चला म्हटलं आणि माणूस उठला नाही, असं एकदाच झालं, ते माझ्यामुळे. त्या वेळी मला त्यात जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करतो.

तो गेला तरी माणसं जातच राहिली. त्याची फरशी, त्याचा मुरूम, त्याचं वाक्य, सगळं इथेच होतं. हायवे मात्र रुंद झाला होता. पुढच्या थंडीत एका सकाळी बायको घरी आली ती एका पायात चप्पल नसलेली. दारातच हसत बसली.

“काय झालं?”

“काही नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मी पळाले. चप्पल मागे राहिली.”

“तू पळालीस?”

“पळाले की,” ती म्हणाली. आणि तिलाच त्याचं नवल वाटत होतं.

मी रस्त्यावर गेलो. चप्पल मधोमध होती. तिच्यावरून तोवर काय काय गेलं होतं कोण जाणे, ती कागदासारखी सपाट झाली होती. मी दोन्हीकडे बघत ती उचलायला गेलो. किती वेळ उभा राहिलो सांगू? ट्रकांची रांग तुटेपर्यंत हात वर करून, भिकाऱ्यासारखा, स्वतःच्या शोरूमसमोर. बायको रोज दोनदा अशी उभी राहत होती.

त्याच दिवशी मी पक्कड घेतली आणि मागचं कुंपण तोडलं. कुणाला बोलावलं नाही. तार ओढून बाजूला केली, पलीकडे घाणेरीचं रान माजलं होतं ते कोयत्यानं साफ केलं. आणि हात थांबला.

पायऱ्या होत्या. माझ्या तारेच्या पलीकडे बोटभर अंतरावर सुरू होऊन खाली मोरीच्या तोंडापर्यंत. ओढ्यातले चपटे दगड निवडून, मातीत पक्के बसवलेले, कडेला हात धरायला बाभळीचे खुंट. दगडांवर शेवाळ धरलं होतं, म्हणजे दोन-तीन पावसाळे तरी खाल्लेले. त्यानं ते माझ्याकडे मागायला येण्याच्या आधी केलं की मी नाही म्हटल्यावर, मला ठरवता येईना. माझ्या हद्दीत त्यानं एक दगड ठेवला नव्हता. फक्त हद्दीपर्यंत आणून सोडलं होतं.

मी उतरून पाहिलं. पायऱ्या विचित्र होत्या, फार बुटक्या. एका पायरीच्या जागी दोन. मी मनात म्हटलं, शेवटी अडाणीच काम.

दुसऱ्या दिवशी हिला तिथे नेलं. ती उतरू लागली. एक पाय, मग दुसरा, खुंटाला हात न लावता. घरातला जिना ती कठड्याला धरून आडवी होऊन उतरते. इथे ती सरळ उतरली.

“पायऱ्या बुटक्या आहेत,” मी म्हणालो.

“मला विचारून केल्यात त्यांनी,” ती खालून म्हणाली. “दगडावर पाय ठेवून दाखवायला लावला होता. वैनी, केवढी झेपल, म्हणून.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही वाटच देणार नव्हता. मग पायरीचं काय बोलायचं?”

मला वाटलं होतं, वाट सुटल्याचं त्याच्या कानावर जाईल आणि तो येईल. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. पंचनाम्याचं काढणार नव्हतो. नुसतं दाखवणार होतो आणि तो काय म्हणतो ते ऐकणार होतो. तो आला नाही. पावसाळ्यात चाकणला तो वारल्याचं बायकांना कळलं, त्यांच्याकडून मला. मला रडू आलं नाही, राग आला. शेवटचा शब्द पुन्हा त्याचाच राहिला.

त्या वाटेला लोक पाटकऱ्याची वाट म्हणतात. जागा माझी, तार मी तोडली, सिमेंटही पुढे मीच टाकलं, त्या पायऱ्या सोडून. मी तोंडाशी वडिलांच्या नावाची पाटीसुद्धा लावली. परवा टेलर एका पावण्याला पत्ता सांगत होता, तो मी कानांनी ऐकला. “सरळ पाटकऱ्याच्या वाटंनं जा. शेठच्या वडलांची पाटी लागंल, तिथनं डावीकडं.”

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझाही रिपोर्ट टेबलावर ठेवला. साखर माझीही वर गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चप्पल घालता घालता म्हणाली, “चला, पाणी बघून येऊ.”

“पाट कोरडा आहे,” मी म्हणालो.

“मग कोरडा बघू.”

निघालो. मोरीतून पलीकडे गेलो. वर ट्रक धडधडत होते, खाली थंडगार होतं आणि सायकलीवरच्या दोन मुली घंटी वाजवत आमच्या शेजारून गेल्या. भरावावर सगळी मंडळी पुढे झाली. हेडमास्तर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तेही पुढे. टेलरची आई पुढे. पहिल्या फरशीपाशी मी थांबलो, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला. मान वर केली तेव्हा लक्षात आलं की सगळे थांबले आहेत. मागे वळून कुणी पाहत नव्हतं. नुसते उभे होते, टोकाचा येईपर्यंत.

ती मागची जागा त्याची होती. तो तिथे आपण होऊन यायचा. मला ती दमल्यामुळे मिळाली.